झेरॉक्सवाल्याकडे मुक्कामाला राहिलेल्या फाइली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच. त्यावर मी प्रिंटा काढतो, बायको हिशेब लिहिते आणि गर्दी झाली की गिऱ्हाईकही स्वतःच खुर्ची ओढून बसतं. दिंडोरी-पेठकडची मंडळी सातबारा, आधार व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, प्रिंट घेतात आणि एसटी गाठतात. फाइल मात्र माझ्याकडेच मुक्कामाला.

मध्यंतरी एक बाई रेशनकार्डाची प्रिंट काढायला बसल्या. डाउनलोड्स उघडलं तर त्यांच्याच गल्लीतल्या एका सुनेचा पोटगीचा अर्ज समोर. मी मशीनमध्ये कागद भरून वळेपर्यंत बाईंचं पहिलं पान वाचून झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाच्याने सगळं एका फोल्डरात टाकून ते 'हिडन' करून दिलं. दोन दिवस मी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी दहावीतल्या एका पोराने व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिक केली आणि फोल्डर फिकट रंगात हजर. "काका, हे काय लपवलंय?"

मग गिऱ्हाइकांसाठी वेगळं साधं अकाउंट काढलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्यापाशी. त्यातून माझं डॉक्युमेंट्स उघडेना, पण डी ड्राइव्ह सताड उघडा! आणि मी तर सगळं डीवरच ठेवतो, विंडोज उडालं तरी वाचावं म्हणून. तिथे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीत जाऊन इतरांची परवानगी हाताने काढावी लागते, हे कळायला आठवडा गेला. आता हिशेबाची फाइल सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रॅमने पासवर्ड घालून ठेवतो आणि शटर ओढण्याआधी डाउनलोड्स शिफ्ट-डिलीट करतो, म्हणजे फाइली रिसायकल बिनमध्येही उरत नाहीत.

पण गिऱ्हाईकही कमी नाही. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल; तो लोक भर दुकानात ओरडून सांगतात. शेवटचे 4 आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार मिळतं, ते चालत असेल तिथे तेच आणावं. व्हॉट्सअ‍ॅप वेब तर निम्मे जण चालूच ठेवून जातात.

वाचकांना विनंती, प्रिंट हातात पडली तरी दोन मिनिटं थांबा आणि "माझी फाइल डिलीट करा" म्हणा. मला राग येणार नाही. आजवर असं म्हणणारं एकच गिऱ्हाईक भेटलं, तेही वकील.

– एक झेरॉक्सवाला, नाशिक