आकाशात शंभर वर्षं थांबावं लागतं

महोदय,

गेल्या महिन्यात लालबागला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. पाळणा, घुगऱ्या, आत्याचं कुर्रर्र, सगळं रीतसर झालं. मग बाळाच्या काकाने सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र पुढे केलं. एका ताऱ्याला म्हणे बाळाचं नाव दिलंय! खाली त्या ताऱ्याचा आकाशातला पत्ता. ऑनलाइन पैसे भरून घेतलेलं. चौकट दत्ताच्या तसबिरीशेजारी लागलीसुद्धा. मंडळी खुशीत होती, म्हणून तिथे गप्प बसलो, इथे बोलतो. आकाशातल्या ताऱ्या-ग्रहांची अधिकृत नावं ठरवणारा आंतरराष्ट्रीय खगोल संघ ताऱ्यांची नावं विकत नाही आणि दुसऱ्या कुणी विकलेली मानतही नाही.

आपल्या काळातल्या माणसांची नावं लागतात ती मुख्यतः लघुग्रहांना. त्यांचं बारसं मात्र बाराव्या दिवशी होत नाही. पंडित जसराजांचंच बघा. मंगळ आणि गुरू यांच्यामधून फिरणारा तो लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी सापडला. तेव्हा त्याचं कच्चं नाव ‘२००६ व्हीपी ३२’. यातला व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढच्या पी आणि ३२ चा हिशेब मी कागदावर मांडला, तर त्या पंधरवड्यातली ही ८१५ वी नोंद निघाली! कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो, नाव त्यानंतर. पंडितजींचं नाव लागायला २०१९ उजाडलं. क्रमांक ३००१२८. दोन-दोन आकडे मागून वाचा: २८-०१-३०. त्यांची जन्मतारीख.

नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा, क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं. पसंती-नापसंती संघाच्या समितीची. रोमन लिपीत सोळा अक्षरांत बसावं, शक्यतो एकच शब्द असावा, जाहिरात नसावी. पाळीव प्राण्यांची नावंही नकोत असं आता सुचवतात, पण त्याआधी एका शोधकाने आपल्या मांजराचं नाव लावून घेतलंच. विक्रीही एकदा झाली आहे, तेही सांगायला हवं. १८८५ साली लघुग्रह शोधणारे ऑस्ट्रियाचे खगोलशास्त्रज्ञ योहान पालिसा यांना सूर्यग्रहण बघायला जायचं होतं, पैसे नव्हते. त्यांनी आपण शोधलेल्या लघुग्रहाला पन्नास पौंडांत नाव द्यायची तयारी दाखवली आणि २५० व्या लघुग्रहावर रोथशिल्ड या धनाढ्य सावकार घराण्यातल्या बेटिना आल्या.

मला सगळ्यांत आवडलेला नियम पुढाऱ्यांचा. राजकारणासाठी किंवा लढायांसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाचं नाव मृत्यूनंतर शंभर वर्षं झाल्याशिवाय विचारातच घेत नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चौक एक आणि पाट्या दोन आहेत, एक निळी पत्र्याची, एक काळ्या ग्रॅनाइटची. नावं वेगवेगळी, पक्षही वेगवेगळे. पोस्टमन दोन्हींकडे न बघता ‘पिठाच्या गिरणीचा कोपरा’ म्हणतो. हा नियम महापालिकेने उसना घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

गणिती, गवय्ये, खेळाडू यांना असं थांबावं लागत नाही. रामानुजन (४१३०) आहेत, तेही आपल्याच तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून सापडलेले. विश्वनाथन आनंद (४५३८) आहेत. पाचगणीच्या शाळेत शिकलेले रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी (१७४७३) सुद्धा.

आता एक हिशेब. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी इथेच, सरदारगृहात गेले. म्हणजे त्यांची शंभर वर्षं २०२० सालीच भरली. शिवाय मृगशीर्षावरून वेदांचा काळ काढू बघणारा पुढारी दुसरा कोण दाखवाल? हल्ली शाळा-कॉलेजांतली मुलं दुर्बिणींची छायाचित्रं संगणकावर तपासून लघुग्रहांच्या प्राथमिक नोंदी करतात. त्यातली एखादी टिकली, तिला क्रमांक मिळाला आणि नाव काय सुचवायचं असा प्रश्न पडला, तर हे पत्र कुणीतरी त्यांना दाखवावं.

– एक वाचक, परळ, मुंबई