‘ल्युपस’ चाचणीआधी नमुन्यातले औषध काढा

महोदय,

पायाच्या शिरेत गुठळी झाली की रिव्हारोक्साबॅन किंवा अ‍ॅपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी लगेच सुरू होते आणि ‘गुठळी का झाली’ याच्या तपासण्यांची यादी मागोमाग हातात पडते. यादीतल्या ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या अँटीबॉडी) चाचणीचा निकाल या गोळ्या बिघडवू शकतात. रिव्हारोक्साबॅन तर विशेषच. या चाचणीत चक्क घोणस सापाचे विष वापरतात. ते रक्त गोठवणारा दहावा घटक जागा करते आणि गोळी नेमका तोच घटक अडवते. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) गोठायला उशीर होतो आणि या चाचणीत दोषाची खूण हीच उशिराची असते; त्यामुळे नसलेला दोष ‘पॉझिटिव्ह’ म्हणून छापला जातो आणि रुग्णामागे आयुष्यभराचे वॉरफरिन (रक्त पातळ करणारे जुने औषध) लागू शकते.

उपाय साधा आहे : नमुन्यातले औषध सक्रिय कोळशाने शोषून घ्यायचे. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमधले रक्त (९ भाग रक्त, १ भाग रक्त गोठू न देणारे सायट्रेट) दोनदा सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, प्लाझ्मा वेगळा करावा. प्लेटलेट्स उरल्या तर खरा दोषही झाकला जातो. १ मिलि प्लाझ्मात कोळशाची तयार छोटी गोळी टाकून ५ मिनिटे हलक्या हाताने मिसळावे, २००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट बलाने) फिरवावे आणि तळाला धक्का न लावता वरचा प्लाझ्मा उचलावा. घाई इथेच नडते. प्लाझ्मा राखाडी दिसला तर कोळशाचे कण राहिलेत आणि ते यंत्राचे प्रकाशमापन चुकवतात, पुन्हा फिरवावा.

हेपॅरिन (रक्त पातळ करणारे इंजेक्शन) मात्र कोळशाला दाद देत नाही. त्याचा उतारा चाचणीच्या रीएजंटमध्येच (रसायनातच) असतो, तोही ठरावीक मात्रेपुरता. वॉरफरिनवर असलेल्यांना कोळशाचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे गोठवणारे घटकच यकृतात अर्धवट तयार झालेले असतात. औषधाची पातळी फार असेल तर थोडे मागे उरते. म्हणून नमुना पुढच्या डोसच्या जरा आधी घ्यावा आणि कोळशानंतर किती औषध उरले, हे अँटी-टेन-ए चाचणीने (दहावा घटक किती अडवला जातो हे मोजणाऱ्या) पाहावे. याच दोषासाठी यादीत असलेल्या कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन अँटीबॉडीच्या चाचण्यांना या गोळ्यांची बाधा होत नाही; त्या केव्हाही करता येतात.

डॉक्टरांनी चाचणीच्या फॉर्मवर गोळीचे नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहावी. प्रयोगशाळांनी नमुन्यावर कोळसा वापरला की नाही, हे रिपोर्टवर छापावे. रुग्णांनी चाचणीसाठी गोळी स्वतःहून बंद करू नये. निकाल पॉझिटिव्ह आला तरी १२ आठवड्यांनी, याच पद्धतीने, चाचणी पुन्हा केल्याशिवाय निदान पक्के धरू नये.

– एक पॅथॉलॉजिस्ट, पुणे