शब्दांच्या याद्या द्या, पण अक्षराची जागा सांगून

महोदय,

आपल्या पुरवणीत ‘अमुक अक्षर असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द, अर्थासह’ अशा याद्या येतात. स्क्रॅबल खेळणारे आणि लोकलमध्ये मोबाइलवर रोजचे वर्डल (सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ) सोडवणारे, दोघेही त्या कापून ठेवतात. मात्र याद्या वर्णानुक्रमे छापल्या जातात आणि इथेच घोडे पेंड खाते. पहिले अक्षर ठाऊक असते तर यादी उघडावी कशाला? खेळणाऱ्याला बहुतेक वेळा एवढेच कळलेले असते की तिसऱ्या जागी ए आहे आणि आर कुठे तरी आहे. म्हणून यादी अक्षराच्या जागेप्रमाणे लावावी.

क्यूचेच घ्या. स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत क्यूची एकच, गुण १०, आणि यूच्या सोंगट्या चारच. यू हाती नसला की नवखा खेळाडू क्यू शेवटपर्यंत धरून बसतो आणि डाव संपताना तेवढे गुण गमावतो. पण क्यूच्या मागे यू नसलेले पाच अक्षरी शब्द बरेच आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे मुंबईकराच्या कानावरचे आहेत. बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए), फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), नकाब (एन-आय-क्यू-ए-बी), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू). अडते ते फक्त स्पेलिंगपाशी. हेच शब्द जागेनुसार लावले, तर क्यू पहिला असलेले ‘कनात’ (क्यू-ए-एन-ए-टी, म्हणजे इराणकडचा पाण्याचा भुयारी पाट; आपल्या तंबूच्या कनातीशी त्याचा संबंध नाही) आणि ‘किब्ला’ (क्यू-आय-बी-एल-ए, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा), तिसऱ्या जागी फकीर आणि नकाब, चौथ्या जागी बुरखा, शेवटी तलाक. इतके छापले तरी काम होते. कतार आणि इराक मात्र यादीत घालू नयेत. ती देशांची नावे आहेत, आणि विशेषनाम चालत नाही.

अर्थांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. अर्थ न कळताही जिंकता येते हे न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५मध्ये दाखवून दिले. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले. पण ते पडले नायजेल रिचर्ड्स! बाकीच्यांना अर्थ लागतो, आणि त्याहून जास्त लागते ते शब्द नाम आहे की क्रियापद ही माहिती. इंग्रजी कोशात ‘बंद’ (बी-ए-एन-डी-एच) हे नाम आहे, त्याला एस लागतो आणि खेळ तिथेच थांबतो. ‘घेराव’ (जी-एच-ई-आर-ए-ओ) मात्र नामही आहे आणि क्रियापदही, म्हणून त्याला ईडी आणि आयएनजीसुद्धा लागतात. पटावर आधीच असलेल्या शब्दाला शेपूट जोडून गुण घ्यायचे असतात तेव्हा ही एक खूण फार कामाला येते. अर्थापुढे कंसात ‘ना.’ किंवा ‘क्रि.’ छापायला कितीशी जागा लागणार?

आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द पाहताना सावध राहावे. टी-ए-जे या शब्दापुढे ‘महाल’ किंवा ‘मुकुट’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. इंग्रजी कोशात तो दरवेशी घालतात त्या उंच निमुळत्या टोपीचे नाव आहे. जे हे अक्षर इंग्रजी शब्दाच्या शेवटी जवळजवळ येतच नाही. जे येते ते राज, ताज, हज, स्वराज अशा उसन्या शब्दांत. त्यांची एक वेगळी छोटी यादी जरूर द्यावी.

व्ही आणि डब्ल्यू यांतही मराठी मुले हमखास चुकतात, कारण आपल्याला दोन्हींसाठी ‘व’ पुरतो. स्क्रॅबलमध्ये फरक मोठा आहे. कॉलिन्स या इंग्रजी कोशाच्या स्क्रॅबल-यादीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत; त्यांत डब्ल्यू असलेले आहेत, पण व्ही असलेला एकही नाही. सी असलेला एकच, सी-एच. अमेरिकी यादीत तोही नाही. तेव्हा यादी कोणत्या कोशावरून घेतली हे वर एका ओळीत हवेच, नाहीतर घरोघरी भांडणे.

वर्डलसाठी तीन गोष्टी. एक, त्यात स्पेलिंग अमेरिकी असते. आपल्या शाळेत ‘कलर’ आणि ‘ह्यूमर’ सहा अक्षरांचे, तिथे यू गळून पाचाचे होतात आणि मुलांना ते सुचतच नाहीत. दोन, वर्डलमध्ये जागेवर बरोबर पडलेले अक्षर हिरवे होते आणि न जुळलेले करडे; पण अक्षर करडे झाले म्हणजे ते शब्दात नाहीच असे नव्हे. उत्तर ‘क्रेन’ (सी-आर-ए-एन-ई) असताना ‘इअरी’ (ई-ई-आर-आय-ई) टाकला तर शेवटचा ई हिरवा होतो आणि पहिले दोन्ही करडे. त्याचा अर्थ एवढाच की ई एकदाच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी हिरवी झाली की खेळणारा खूश होतो आणि फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट असे एकेक टाकत सहा संधी संपवतो. अशा वेळी जिंकायचा शब्द न टाकता चाचपणीचा टाकावा. ‘फिल्म्स’ (एफ-आय-एल-एम-एस) टाकला की एफ, एल, एम, एस या चौघांचा निकाल एकाच फटक्यात लागतो. हार्ड मोड चालू असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण हिरवे अक्षर तिथे जागेवरच ठेवावे लागते. ओ-यू-एन-डी हे दुसरे असेच शेपूट. अशा शेपटांच्या याद्या कुणी छापत नाही, आणि खरी गरज त्यांचीच आहे.

जागेची अडचण असेल तर ‘क्वीन’, ‘क्विक’ यांसारखे सगळ्यांना येणारे शब्द खुशाल गाळावेत.

– शब्दखेळ खेळणारे काही वाचक, विलेपार्ले, मुंबई