आजीची खबर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आजीला काल आयसीयूतून खोलीत आणलं. तू फोनवर सारखा "बोलते का?" विचारतोस आणि तुझ्या आईला रडू येतं, म्हणून लिहितोय. बोलते, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं की "ते... ते..." करत डाव्या हाताने तांब्या दाखवते. आपलं बोलणं मात्र तिला कळतं. सुमनने एकादशीचा वार मुद्दाम चुकीचा सांगितला, तर अशी काही बघितली तिच्याकडे!

मेंदूतली रक्ताची गुठळी डाव्या बाजूला आहे. मोठ्या मेंदूतून हातापायांकडे जाणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, बाजू बदलतात, म्हणून लुळा पडला तो उजवा हात. भाषाही बहुतेकांची डावीकडेच असते. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरकडे १८६१ साली एक रुग्ण होता, तो फक्त "तान" एवढंच म्हणायचा. तो गेल्यावर पाहिलं तर मेंदूचा डावा पुढचा भाग खराब झालेला. पण गंमत बघ, काल शेजारच्या बाईंनी मोबाइलवर आरती लावली आणि आपल्या आजीने ती न अडखळता सबंध म्हटली. पाठ झालेलं गाणं बोलण्याच्या वाटेनेच येतं असं नाही, उजवा मेंदूही मदत करतो, असं डॉक्टर म्हणाले. वसूआत्या रडायलाच लागली.

तुझ्या ऑफिसच्या तपासणीत बीपी १६०/१०० निघालं, हे मला ताईकडून कळलं. गोळी सुरू केलीस का?

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो पाचवा हिस्सा, आणि साठवून काही ठेवत नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यासाठी सुरुवात कधी झाली ते माहीत हवं. आजीचं रात्री झोपेतच झालं, सुमनला सकाळी कळलं. मग ते इंजेक्शन राहिलंच. घरात चार माणसं असून ही गत. तू तिथे एकटा, दार आतून बंद, आणि तुझं वरचं १६०.

झालं, पुन्हा तास घेतला मी. माफ कर. आजीबद्दलच लिहायचं असं ठरवून बसलो होतो.

नववीच्या वर्गात मी फळ्यावर मेंदू काढला होता, आठवतं? तू उठून म्हणालास, "सर, लहान मेंदू फार मोठा झालाय." सगळा वर्ग हसला. मी तुला खाली बसवलं, पण घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर बोलला असेल." तिने त्या वहीतली तुझी आकृती देवघराच्या फडताळात ठेवली होती. अजून आहे. ३१ मज्जारज्जू-चेतांच्या जोड्या सगळ्या मोजून काढल्या होत्यास, मला स्वतःला तेवढा धीर नव्हता. इतकं नीट काढणारा मुलगा लोणचं-पापड सोडत नाही आणि रात्री दोनला झोपतो, याचं मला कोडं आहे.

सोमवारपासून फिजिओथेरपीवाली मुलगी येईल. पैसे पाठवू नकोस, आहेत. दिवाळीच्या आधी जमलं तर ये, आजी तुझं नाव घ्यायचा प्रयत्न करते, "नि" पर्यंत येते.

आणि बीपी मोजून मेसेज कर. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे. नुसतं "नॉर्मल आहे बाबा" चालणार नाही.

तुझा,
बाबा