शरीराच्या अवयवांची नावं अश्लील नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या सदरात समाजमाध्यमांवरच्या अश्लीलतेबद्दल वाचकांची पत्रं येत आहेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अतिरेक झाला, सरकारनं आता लगाम घालावा, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यांचा संताप मला कळतो. मी दोन नातींची आजी आहे. मोबाइलवरच्या त्या शिव्या आणि बाईच्या अंगावरून केलेले विनोद मलाही ऐकवत नाहीत. पण 'अश्लील' हा शब्द आपण फार सैल हातानं वापरतो. तो नेमका कुणाच्या डोक्यावर जाऊन बसतो, हे आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर काढलेल्या तीस वर्षांत मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते.

गेल्या महिन्यात गावातल्या आशा सेविकाताईंबरोबर एका शाळेत गेले होते. आठवी-नववीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायचं होतं. बरोबर माझा जुना तक्ता होता: गर्भाशय, बीजांडकोश, योनिमार्ग, सगळी नावं मराठीत लिहिलेली. पहिली दहा मिनिटं मुली माना खाली घालून बसल्या होत्या. विचारायला लाज वाटते म्हणून नाव न घालता चिठ्ठी टाकायला डबा ठेवला, तर तो निम्मा भरला. एकीनं लिहिलं होतं, 'बाजूला बसल्यावर लोणच्याला हात लागला तर ते खरंच नासतं का?' दुसरीनं, 'अंगावरून पांढरं जातं, हा कॅन्सर असतो का? आईला सांगितलं नाही.' वहीच्या कागदाची ती घडी इतकी बारीक केलेली होती की उलगडताना फाटली.

दोन दिवसांनी शाळेतून फोन आला. पालकांची तक्रार आहे, मुलींना अश्लील चित्रं दाखवली म्हणतात. मुलांसाठी ठरलेला पुढचा कार्यक्रम आता नको. मुख्याध्यापकांनाही वाईट वाटत होतं, पण समितीपुढे त्यांचं चालेना. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हीच आकृती छापलेली आहे. तो धडा बऱ्याच ठिकाणी 'घरी वाचून या' म्हणून सोडून देतात, हेही मला ठाऊक आहे.

या गप्प बसण्याची किंमत काय असते ते सांगते. नोकरीत असताना एक लहान मुलगी सारखी दवाखान्यात यायची. आजी घेऊन यायची. पोटात दुखतं, एवढंच सांगायची. मी तिला जंताची गोळी दिली. पुन्हा आली, पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी मी आजीला बाहेर बसवलं आणि कुठं दुखतं ते हातानं दाखव म्हटलं. तिनं हात पोटावर ठेवला, मग हळूच खाली नेला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्याकडे त्या जागेला शब्दच नव्हता. घरात 'नको तिथं' म्हणायचे, आणि 'नको तिथलं' बोलायचं नाही हेही शिकवलेलं होतं. घरातल्याच एका माणसानं त्याचा फायदा घेतला होता. पुढे जे करायचं ते केलं. पण त्या पहिल्या दोन गोळ्या माझ्या हातून गेल्या, हे मी विसरू शकलेले नाही. मीही तिला अवयवाचं नाव घेऊन विचारलं नव्हतं, कारण लहान मुलीपुढे ते नाव घेणं मलाही चारचौघांसारखंच अश्लील वाटत होतं.

म्हणून र. धों. कर्व्यांची आठवण येते. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या पायी नोकरीवर पाणी सोडलं. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवलं. त्यात वाचक आपल्या अडचणी विचारत आणि कर्वे स्पष्ट शब्दांत उत्तरं देत. माझ्या डब्यातल्या चिठ्ठ्यांची जात तीच. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. त्यात कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नावर लिहिलं एवढ्यानं ते लिखाण अश्लील होत नाही, लोकांच्या मनात प्रश्न असतील तर ज्ञान देणारं उत्तर दिलंच पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला.

त्या वेळच्या कायद्यात देवळातल्या शिल्पांना सूट होती, विज्ञानाला नव्हती. विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी केलेलं प्रकाशन अश्लील धरू नये, ही तरतूद १९६९ साली आली. आता भारतीय न्याय संहितेच्या २९४व्या कलमातही ती आहे. म्हणजे कायदा थोडा पुढे गेला. आपण मात्र २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांमधलं लैंगिक शिक्षण बंद करायला लावलं. तेव्हा विधिमंडळात झालेला गदारोळ मला आठवतो. पुस्तिकांमधल्या चित्रांवर तो झाला होता.

आमच्या घरात वारी आहे. 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' हा तुकोबांचा अभंग सासऱ्यांच्या तोंडी असायचा. पुढे गाथा हातात घेतली तेव्हा कळलं की तिथं शब्द 'गांडीची' आहे. सभ्यपणासाठी तो आपण बदलून घेतला. तुकोबांना त्याची लाज वाटली नव्हती.

याचा अर्थ कुणालाही काहीही बोलू द्या, दाखवू द्या, असं मी म्हणत नाही. घटनेनंही सभ्यता आणि नीतिमत्ता यांसाठी वाजवी बंधनं मान्य केली आहेत. माझं म्हणणं एवढंच की बंधन कुठं घालायचं ते ठरवताना उघडं अंग किंवा अवयवाचं नाव मोजू नका, त्या माणसाची मर्जी होती का, ते बघा. एखाद्या मुलीचा फोटो तिला न विचारता फिरवणं, तिचा चेहरा दुसऱ्या अंगावर चिकटवणं, लहान मुलांना असल्या चित्रणात ओढणं, याला माफी नको. तिथं पोलिसांनी तक्रार घ्यायला तासाचाही उशीर लावू नये. प्रत्यक्षात होतं उलटंच. फोटो फिरला की 'तू असे कपडे घातलेच का' म्हणून मुलीची शाळा बंद होते, फिरवणारा मुलगा परीक्षेला बसतो. अशी दोन घरं मी स्वतः पाहिली आहेत.

आणि जिथं कुणाचंच नुकसान नाही, तिथं आपल्या धाडीला जोर येतो. नामवंत चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं मुंबईत सीमाशुल्क खात्यानं अश्लील म्हणून अडवून ठेवली होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं. पदमसींवर तर याच मुंबईत १९५४ साली चित्रांवरून खटला झाला होता आणि ते सुटले होते. सत्तर वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न कोर्टात.

आपल्या सदरात लिहिणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. लगाम मागाच, पण त्याआधी आपल्या मुलीला आणि मुलालाही त्यांच्या शरीराच्या प्रत्येक भागाचं नाव नीट सांगा. डोळा, कान, गुडघा सांगतो त्याच आवाजात. मुलग्यांना यातलं कुणीच सांगत नाही. मग ते मोबाइलवर जे बघतात तेच खरं धरून चालतात. ज्या शाळेनं आमचा कार्यक्रम थांबवला, त्या समितीतल्या मंडळींना मी पत्र दिलं आहे. मुलांसमोर काय बोलणार, ते त्यांनी आधी स्वतः बसून ऐकावं, तक्ता हातात घेऊन बघावा, हवे ते प्रश्न विचारावेत. अजून उत्तर आलेलं नाही. डब्यातल्या ज्या चिठ्ठ्यांना त्या दिवशी वेळ पुरला नाही, त्या माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत. त्यांची उत्तरं लिहून तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा

(वर उल्लेख केलेल्या मुलींची ओळख पटू नये म्हणून माझं नाव आणि गाव छापू नये, ही विनंती.)