अक्काच्या लघवीतली साखर

पंचवटी, नाशिक
रविवार सकाळ

प्रिय मंगल,

चार महिने पत्र नाही, याचा राग धर, पण हे आधी शेवटपर्यंत वाच. अक्काने मधुमेहाची गोळी बंद केली आहे. डॉक्टरांना न विचारता, पंधरा दिवस झाले. मी बोलायला लागले की ती चहा टाकते आणि विषय संपवते. तुझं मात्र ऐकेल, लहानपणापासून तुझंच ऐकत आली आहे.

झालं असं की लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर तीन प्लस आली आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो कचरा, 1.0 चं 1.1 झालं. शेजारी कुणी म्हणालं, गोळीने किडनी चालली. झालं, डबी कपाटात.

अगं, किडनी दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळते. रक्तातली शुगर 100 असेल तर त्याबरोबर 180 ग्रॅम साखर गाळणीतून खाली उतरते. गाळणीच्या पुढची बारीक नळी, ट्युब्यूल, ती जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेते. शुगर साधारण 180 च्या वर गेली की नळी पुरी पडत नाही आणि साखर लघवीत सांडते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तेवढंच बसलंय. अक्काची डापाग्लिफ्लोझिन या नळीचं साखर ओढणारं मुख्य दारच बंद करते. मग रक्तात 110 असली तरी लघवी तपासायच्या पट्टीवरचा साखरेचा चौकोन तपकिरी होणारच. गोळी काम करतेय, एवढाच त्याचा अर्थ.

खरा फायदा पुढे आहे. त्याच दारातून साखरेबरोबर मीठही परत जातं. मधुमेहात नळी दोन्ही अधाशासारखी ओढते, पुढे मीठ कमी पोचतं, आणि गाळण कमी पडतंय असा चुकीचा निरोप वर जातो. गाळणीकडे रक्त आणणारी नस सैल होते, गाळणीवर दाब वाढतो आणि ती झिजते. गोळीने मीठ पुढे जातं, नस आवळते, दाब उतरतो. दाब उतरला की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन जरा चढतं. 62 वर्षांच्या बाईचं 1.0 म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) 64, आणि 1.1 म्हणजे 57. अकरा टक्क्यांची घट. सहसा 30 टक्क्यांपर्यंत गोळी थांबवत नाहीत; त्याहून जास्त घसरलं तर कारण शोधतात. (हेच 1.1 त्याच वयाच्या पुरुषाचं असतं तर ईजीएफआर 76 आला असता. रिपोर्टवर बऱ्याचदा दोघांपुढे ‘नॉर्मल’च छापतात, याचा मला फार राग येतो.)

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डापा-सीकेडी अभ्यासात 4304 रुग्ण होते, ईजीएफआर 25 ते 75 आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा क्रिएटिनिनशी रेशो 200 च्या वर असलेले. किडनी निम्म्याहून खाली घसरणं, ती निकामी होणं, किंवा किडनीमुळे वा हृदयामुळे मृत्यू, हे सगळं मिळून या गोळीने 39 टक्क्यांनी कमी झालं. अक्का नेमकी याच गटात बसते. म्हणून माझी झोप उडाली आहे.

आणि आता आपलं जुनं भांडण. भरपूर पाणी प्यायलं की किडनी धुतली जाते, असं तू अजून म्हणतेस का? मागच्या खेपेला नमुना द्यायच्या आधी तिला तूच तीन तांबे पाणी पाजलंस. सकाळच्या पहिल्या लघवीत तिचं अल्ब्युमिन लिटरला 126 मिलिग्रॅम होतं आणि क्रिएटिनिन डेसिलिटरला 60 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला 0.6 ग्रॅम. तुझ्या पाण्यानंतर 42 आणि 20, म्हणजे 0.2 ग्रॅम. भागाकार करून बघ, दोन्हीकडे 210 च येतात. साधी पट्टी या दोन्ही नमुन्यांना ‘प्रोटीन निल’ म्हणू शकते, तिला 150 च्या आसपास गेल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणून अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो मागायचा. 30 च्या आत ठीक, 300 च्या वर गंभीर. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच शिक्का मारायचा. ताप असताना, लघवीला जळजळ असताना नमुना देऊ नये. ब्रह्मगिरीची फेरी करून दुसऱ्या दिवशी तर मुळीच नाही, एवढ्या चालण्याने आकडा फुगतो.

तू पाठवलेल्या त्या नव्या तपासण्या, एनगॅल आणि किम-1, नळीला इजा झाली की लघवीत वाढतात हे खरं. पण त्यावरून अक्काचं औषध बदलेल असं काही नाही. पैसे घालवू नकोस.

दुसरं, आणि हे वाचून रडत बसू नकोस. तू प्रेमाने पाठवलेलं कमी सोडियमचं मीठ बंद करायला सांग. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मधुमेहात नळीचा शेवटचा भाग पोटॅशियम बाहेर टाकायला कधीकधी कमी पडतो, त्यात बीपीची टेल्मिसार्टन पोटॅशियम आणखी अडवते. तिचं रक्तातलं पोटॅशियम 5.6, म्हणजे जास्त आलं. काढताना रक्तपेशी फुटल्या तरी आकडा खोटा चढतो, म्हणून पुन्हा काढलं, तरी 5.5. गुडघ्यासाठी ती दुकानातून आणते त्या दुखण्याच्या गोळ्याही यात भर घालतात.

तर तिला एवढंच म्हण, दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळी पुन्हा कधी सुरू करायची ते विचार. श्रावणातल्या कडक उपवासाला, उलट्या-जुलाबात किंवा ऑपरेशनच्या आधी ती कधी थांबवायची, हेही लिहून घे. नाहीतर शुगर फारशी न वाढताच रक्तात आम्ल साचू शकतं. खाली खाज सुटली तर लाजायचं नाही, या गोळीने बुरशी होते आणि ती औषधाने जाते.

माझी तब्येत बरी. पोरीचा निकाल कळला, शाब्बास म्हण तिला. बदलीचं कळव.

अक्का दुपारी चारनंतर रिकामी असते. आजच फोन कर. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझी,
शैला