‘सेटल’ म्हणजे मिटले नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची (म्हणजे मागची कर्जे कशी फेडली यावरून मिळणाऱ्या गुणांची) अट लावू नका असे बँकांना बजावले, तेव्हा माझ्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांत आठवडाभर तोच विषय होता. मी शेतकरी नाही. बार्शीत माझी पिठाची गिरणी आहे, म्हणजे त्या बजावण्याचा मला काही उपयोग नव्हता. पण सिबिल काय चीज आहे हे त्याच वर्षी मला चांगलेच कळले, म्हणून हे पत्र.

2018 साली मी सव्वा लाखाचे वैयक्तिक कर्ज काढले. गिरणीची मोटर जळाली होती आणि मुलीच्या लग्नाचे थोडे देणे राहिले होते. दोन वर्षे हप्ता एकदाही चुकला नाही. मग टाळेबंदी आली. पीठ अत्यावश्यक म्हणून गिरणीला परवानगी होती, पण माझा धंदा खानावळी आणि कार्यालयांच्या दळणावर. तीच बंद. हप्त्यांची सहा महिन्यांची सवलत संपली तरी गिऱ्हाईक परतले नव्हते. सहा हप्ते थकले आणि वसुलीवाले यायला लागले.

त्यातला एक पोरगा बोलायला गोड होता. म्हणाला, “काका, 61 हजार दिसतायत. 38 भरा, सेटलमेंट करून टाकू. सिबिल क्लिअर, विषय संपला.” इंग्रजीतले एक पानी पत्र आले, मी भावाकडून उसने घेऊन पैसे भरले, पावती देवघरात ठेवली आणि घरी पेढे नेले. 2021 ची ती दिवाळी फार हलकी गेली.

2025 च्या जूनमध्ये धाकट्याच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागायला गेलो. सहअर्जदार मी. बँकेतल्या साहेबांनी संगणकाकडे बघून विचारले, “काका, तुमचे एक खाते सेटल्ड दिसतेय?” मी अभिमानाने म्हणालो, “होय, केले ना सेटल. पावती आहे.” त्यांना हसू आवरेना, आणि मला ते का हसतात ते कळेना.

सगळी गोम त्या एका शब्दात आहे. आपल्याकडे भांडण ‘सेटल’ झाले म्हणजे मिटले. बँकेच्या भाषेत ‘सेटल्ड’ म्हणजे ज्याने पूर्ण पैसे न देता मांडवली केली तो. पूर्ण फेडणाऱ्यासमोर ‘क्लोज्ड’ येते. ‘राइट-ऑफ’ दोघांपेक्षा वाईट. त्याला लोक कर्जमाफी समजतात, पण बँक फक्त आपल्या ताळेबंदातून रक्कम काढून टाकते. देणे तुमच्या डोक्यावर राहतेच आणि वसुलीही चालू राहते. हे शेरे वर्षानुवर्षे हलत नाहीत, कारण पतमाहिती कंपन्यांनी, म्हणजे कोणी कर्ज कसे फेडले याची वही ठेवणाऱ्या कंपन्यांनी, नोंदी किमान सात वर्षे जपायच्या असा नियमच आहे. सिबिल हे त्यातल्या एकाच कंपनीचे नाव. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या आणखी तीन आहेत, आणि बँक त्यांपैकी कोणाचाही अहवाल उघडू शकते.

माझा आक्षेप नोंद ठेवण्याला नाही. मी उशीर केला हे खरे आहे, ते लिहिलेले राहू द्या. उधारीची वही मीही ठेवतो. पण एखाद्याने बाकी आणून दिली की मी त्याच्या देखत आकड्यावर रेघ मारतो. आणि शंभरातले साठ घेऊन सोडून द्यायचे असेल, तर “चाळीस तुझ्या नावावर राहतील” हे पैसे हातात घेण्याआधी सांगतो. माझ्यासारख्या दहावी पास माणसाला जे सुचते, ते बँकेच्या पत्रात का नसावे?

साहेब मात्र माणूस चांगला. त्यांनी सांगितले की सोडलेली रक्कम भरा, पूर्ण परतफेडीचा दाखला घ्या, मग शेरा बदलतो. जुन्या बँकेकडे गेलो, उरलेले 23 हजार भरले, नो ड्यूज घेतले. “45 दिवसांत आपोआप होईल,” असे सांगण्यात आले. झाले नाही. दरम्यान मुलाच्या पहिल्या वर्षाची फी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून भरली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

याच सुमारास बसस्टँडजवळच्या खांबावर ‘सिबिल क्लिअर करून मिळेल, 100 टक्के गॅरंटी’ असा कागद दिसला. फोन केला. पाच हजार मागितले, शिवाय आधारची प्रत आणि आलेला ओटीपी. भाच्याने वेळीच फोन हिसकावून घेतला. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. हे खांबवाले गिऱ्हाइकाच्याच नावाने तीच फुकटची तक्रार करतात, एवढेच.

ती तक्रार आम्ही घरी बसून केली. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढले. एकात ‘क्लोज्ड’ आले होते, तिघांत अजून ‘सेटल्ड’च. तिन्ही ठिकाणी त्यांच्या संकेतस्थळावर वाद नोंदवला, सोबत नो ड्यूज आणि पावत्या जोडल्या आणि तक्रार क्रमांक वहीत उतरवले. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यात दुरुस्तीसाठी 30 दिवसांची मुदत आहे. त्याला दात मात्र 26 एप्रिल 2024 पासून आले. तेव्हापासून 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. बँकेने 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भुर्दंड बँकेचा. तिने वेळेत पाठवूनही कंपनी बसून राहिली तर कंपनीचा.

तीस दिवस ‘प्रक्रियेत’ एवढेच दिसत राहिले. एकतिसाव्या दिवशी भाच्याने बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल धाडला. त्यात शंभर रुपयांच्या नियमाचा उल्लेख केला आणि पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, असेल हेही लिहिले. (1 सप्टेंबर 2022 पासून या पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.) बावन्नाव्या दिवशी तिन्ही अहवालांत ‘क्लोज्ड’ आले. भरपाईबद्दल शाखेत विचारले तर काउंटरवरच्या मुलीने हा नियम ऐकलाच नव्हता. पुन्हा एक ई-मेल, आणि 22 दिवसांचे 2,200 रुपये खात्यात जमा झाले. उशिराने भरलेल्या हप्त्यांचे आकडे अहवालात अजून आहेत. ते असू देत, ते खरे आहेत.

हे सगळे जमले कारण घरात इंग्रजी वाचणारा भाचा होता. माझी मागणी त्यामुळेच अगदी साधी आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून नवे किरकोळ कर्ज देताना व्याज, शुल्क, एकूण परतफेड यांचा तक्ता कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो. चांगला नियम आहे. मग कर्ज देताना मराठी आणि मिटवताना इंग्रजी, हे कसे चालते? तडजोडीचे पैसे घेण्यापूर्वी ठळक मराठीत तीन ओळी लिहून सही घ्या: किती रक्कम सोडली, अहवालात काय शेरा येईल, आणि तो बदलायला आणखी किती भरावे लागतील. वसुलीवाल्या पोराने तोंडी काहीही सांगितले तरी कागद खोटे बोलणार नाही. मला 2021 मध्येच तो कागद मिळाला असता तर मी भावाकडून 38 ऐवजी 61 घेतले असते. बाकी पूर्ण भरली गेली की शेरा बदलणे हेही बँकेचेच काम असावे, दिवस मोजत बसणे गिऱ्हाइकाचे नव्हे.

कोणी म्हणेल, पैसे बुडवणाऱ्यांना एवढी सवलत कशाला? पण इथे सवलत कोण मागतेय? 2025 मध्येच मद्रास उच्च न्यायालयाने खराब कर्ज इतिहासावरून एका उमेदवाराची स्टेट बँकेतली नेमणूक रद्द होणे योग्य ठरवले. ज्या कागदावर नोकरीही अवलंबून राहू लागली, तो कागद बरोबर असावा एवढेच म्हणणे आहे.

आता माझ्या गिरणीवर दळणासोबत लोक आपले अहवालही आणतात. समोरच्या टेलरचे कर्ज बँकेने एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकले होते. त्याने त्या कंपनीचे सगळे पैसे चुकते केले, दाखला घेतला, तरी बँकेच्या नावाखालची जुनी नोंद ‘राइट-ऑफ’ म्हणून तशीच आहे. त्याची तक्रार भाच्याने 9 तारखेला नोंदवली. तिसावा दिवस पुढच्या सोमवारी भरतो.

आपला,
एक गिरणीवाला वाचक, बार्शी (जि. सोलापूर)